तळव्याला कळणारी गाडी

फरशीवर ओले ठसे उमटले होते आणि ते सगळे डाव्याच पायाचे होते. दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सात-आठ. माझी बायको सगुणा पदराला हात पुसत उभी होती. पाण्यात पाय घालून आलात का, असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो. ती आत वळल्यावर ओट्यावर बसून पाय उलटा करून पाहिला, तर टाचेच्या बाहेरच्या अंगाला पुरीएवढा फोड येऊन फुटला होता, कातडी लोंबत होती, आणि मला काहीच होत नव्हतं. बोट लावून पाहिलं. बोटाला ओलं लागलं, पण टाचेला बोट लागलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला हात लावावा तसं वाटलं. खिशातल्या रुमालाने मी एकेक ठसा पुसून काढला. वाकताना दम लागत होता, पण सगुणा बाहेर यायच्या आत फरशी कोरडी व्हायला हवी होती. परवा आमच्या लेकीला, बेबीला, आणि तिच्या बाळाला घेऊन बीडला तिच्या सासरी निघायचं होतं, आणि गाडी मीच चालवणार होतो.

फोड कुठून आला हे कळायला फार डोकं लागलं नाही. सकाळी डिझेल भरून आणायला आणि जरा इंजिन मोकळं करायला मी अंबडपर्यंत जाऊन आलो होतो. आमच्या गाडीचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनमध्येच. वर लोखंडी झाकण. त्या झाकणाच्या आत उष्णता अडवायला लावलेला नमदा एका बाजूने सुटला होता आणि तिथला पत्रा तव्यासारखा तापतो, हे मला माहीत होतं. गयासोद्दीन मिस्त्रीने दोनदा सांगितलं होतं, बसवून घेऊ. मी गाडी नेहमी अनवाणी चालवतो. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सगळे तसेच, चपला दाराशी काढून ठेवतात आणि मगच सीटवर चढतात. मला हे गयासोद्दीननेच शिकवलं. एकसष्ट साली त्याच्या ट्रकवर मी स्टिअरिंगला हात लावला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने आधी माझ्या पायातले बूट काढायला लावले. गाडी कानाला नंतर कळते, तळव्याला आधी कळते, असं तो म्हणाला होता. आणि खरंच कळायची. क्लच कुठे धरतो, ब्रेकमध्ये हवा आहे का, कुठल्या नोझलमधून डिझेल बराबर येत नाही, हे सगळं पायातून वर यायचं. सदतीस वर्षं मी त्या भरवशावर होतो. आणि आता टाच पत्र्याला टेकून अंबड ते जालना भाजत आली होती आणि मी बहुधा काहीतरी गुणगुणत होतो.

गाडीविषयी सांगायला हवं, कारण गाव अजून हसतं. मी बियाण्याच्या धंद्यातला माणूस. पंचवीस वर्षं कपाशीच्या बियांची पाकिटं घेऊन मराठवाडाभर हिंडलो. एसटी स्टँडवर, दुकानांच्या फळ्यांवर, कुणाच्या तरी ओसरीवर झोपलो. दुसऱ्याच्या उशीला येणारा तेलाचा वास मला सहन होत नाही. घरी परत आलो की सगुणा विचारायची, बाहेर काय काय पाहिलं, आणि मी सांगायचो की काही नाही, झोप झाली नाही. तिने तोवर जालना सोडून फक्त माहेर पाहिलेलं. एक्क्याण्णव साली धंदा पुतण्याकडे दिला आणि मनात ठरवलं की आता हिंडायचं, पण स्वतःच्या उशीवर झोपून. बसची नवी डिझेल चेसी घेतली. बॉडीवाल्याने विचारलं, काकासाहेब, लक्झरीसारखी बनवू का. मी म्हणालो, घरासारखी बनव. मग त्यात पलंग आला, सनमायकाची कपाटं आली, गॅसची शेगडी, बेसिन, दोनशे लिटरची पाण्याची टाकी, मागे जनरेटर आणि त्यावर चालणारा एसी. आरटीओतल्या क्लार्कला हे नोंदवायचं कुठल्या रकान्यात ते सुचेना. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी खाजगी बस लिहिलं. भटजींनी वास्तुशांतीला विचारलं, दार पूर्वेला आहे ना. मी म्हणालो, म्हणाल तिकडे वळवतो. सगळे हसले. संडासही बसवला होता, चांगला टाइल लावून, पण चुलीपासून चार पावलांवर संडास ही कल्पना सगुणाच्या गळी उतरली नाही. तिने त्यात कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केली. अजूनही तिथे कांदेच आहेत.

लोकांना वाटतं अशी गाडी घेतली की माणूस सुखात हिंडतो. हिंडणं वर्षातून वीस दिवस, बाकीचे दिवस ती अंगणात उभी असते आणि उभी असताना जास्त बिघडते. टायर एका जागी दबून चिरतात. उंदीर वायरी खातात. टाकीतल्या पाण्याला शेवाळाचा वास येतो. डिझेलमध्ये हवा शिरली की सेल्फ नुसता कण्हत राहतो. म्हणून मी रोज सकाळी पंधरा मिनिटं ती चालू करून बसतो. शेजारच्यांना तो आवाज पाठ झालाय. आणि त्या पंधरा मिनिटांत मला जे वाटायचं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सगळं शरीर आतून भरून यायचं, तळव्यापासून मानेपर्यंत इंजिन चढायचं आणि मी म्हातारा नसायचो. आता आठवायला लागलो तेव्हा ध्यानात आलं की ते चढणं बऱ्याच दिवसांत झालेलं नव्हतं. मी ते इंजिनाच्या माथी मारलं होतं. इंजिन मऊ झालं, असं मीच गयासोद्दीनला म्हणालो होतो, आणि तो काही बोलला नव्हता.

नाही, बोलला होता. दसऱ्याला गाडी पूजेआधी त्याच्याकडे नेली तेव्हा क्लच घसरत होता. त्याने प्लेट काढून माझ्यासमोर धरली. काळी पडलेली, गुळगुळीत. आठ महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली. त्याने ती हातात फिरवली, वास घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकासाब, ही प्लेट रस्त्यानं न्हाई जळली. पाय ठेवून जळली. तुमचा पाय क्लचवरून उठून न्हाई राह्यला." मला राग आला. ज्याने शिकवलं त्यानेच नवशिक्याचा ठपका ठेवावा, आणि तोही त्याच्या दोन पोरांसमोर. मी म्हणालो, माल डुप्लिकेट असेल. तो माझ्या पायांकडे पाहत होता, चेहऱ्याकडे नाही. मग म्हणाला, असंल. नवी प्लेट घातली आणि निघताना, बिलकुल सहज विचारल्यासारखं, म्हणाला की लांब जायचं असेल तर मला सांगा, मी येतो, मला पण तेवढंच फिरणं होईल. मी हसून टाळलं. त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. साखरेचं दुखणं आठ वर्षांचं जुनं, पायात चपला राहत नव्हत्या, एकदा मामा चौकात एक चप्पल मागे राहिली आणि मी तसाच पुढे चालत गेलो होतो. माणसाला न कळणं वेगळं आणि कळूनही दुसऱ्या खोलीत ठेवून येणं वेगळं. मी दुसरं केलं होतं.

बेबीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं. नऊ वर्षं काय काय झालं ते मी इथे लिहीत बसत नाही. तिच्या सासूने एकदा माझ्या तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या घरात काहीतरी आहे. म्हणून मुलगा झाल्याची बातमी बीडला कळवायला मी स्वतः गेलो, आणि त्यांच्या बैठकीत पेढ्यांचा डबा ठेवून म्हणालो की सव्वा महिना झाला की मी बाळ-बाळंतिणीला घरातून घरात आणून सोडीन, पलंगावर झोपून येईल माझी पोर. व्याह्यांनी हसून विचारलं, त्या गाडीत? मी म्हणालो, त्या गाडीत, आणि चालवणार मी. आता ड्रायव्हर म्हणून गयासोद्दीनला घेऊन गेलो तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं. चहा झाला असता. मी उतरताना म्हणालो असतो, वय झालं. पण हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. गाडी चालवणारा काकासाहेब वजा केला तर मागे कोण उरतं, हे मला पाहायचं नव्हतं.

मधला एक दिवस मी चोरासारखा काढला. न्हाणीघरात उजव्या पायाची परीक्षा घेतली, कारण ब्रेक उजव्या पायाचा. डाव्याचं जाऊ द्या, क्लच जळला तर जळला. कंगव्याचे दात टोचून पाहिले. टाचेला कळत होतं. मधल्या भागाला कळल्यासारखं वाटत होतं. अंगठ्याखालच्या गादीला, जिथे ब्रेकचं पेडल येतं तिथे, कळत होतं की मी डोळ्यांनी बघतोय म्हणून कळत होतं? डोळे मिटून पाहिलं. मिटल्यावर कंगवा कुठे आहे ते हाताला माहीत असायचं, त्यामुळे परीक्षेत राम राहायचा नाही. सगुणाला कंगवा धर म्हणावं तर सांगावं लागलं असतं. मग बूट घालून अंगणातल्या अंगणात गाडी पुढे-मागे केली. बुटात तर पाय आहे की नाही तेच कळेना. पुन्हा अनवाणी बसलो. फोडाला चिंधी बांधली होती, वर काळा मोजा चढवला. मला भीती वाटत होती. साधी, लहान पोराला वाटते तशी, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती. संध्याकाळी गयासोद्दीन न बोलावता आला. त्याने ब्रेक तपासले, ऑइल पाहिलं, सुटलेला नमदा बसवून दिला, टायरांना एकेक लाथ घातली. जाताना दारात थांबला. मी त्याला पाणी विचारलं नाही, कारण तो थांबला असता.

सकाळी साडेनऊला निघालो. बाळाचा पाळणा छताच्या कडीला टांगला होता, बेबी पलंगावर, सगुणा माझ्या पाठीमागच्या बाकावर. गल्ली बघायला आली होती. मी हॉर्न वाजवला. अंबडपर्यंत रस्ता मोकळा होता आणि मी एक युक्ती काढली होती. ब्रेक लावायची वेळ यायच्या आधीच खाली बघायचं, पाय कुठे आहे ते पाहून ठेवायचं आणि मग वर बघायचं. एक नजर खाली, एक नजर वर. जमत होतं. काही किलोमीटर मला वाटलं की हेच काय ते, सवय झाली की बाकीचं आयुष्य असंच निभावेल. वडीगोद्रीच्या पुढे सगुणाने विचारलं, खाली काय पडलंय. मी म्हणालो, काही नाही. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, आणि मी तिच्यावर खेकसलो. आरशात पाहिलं तर ती रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्या मानेकडे बघत होती.

अंकुशनगर जवळ आलं तशी उसाची वाहनं सुरू झाली. जानेवारी महिना, कारखाना ऐन भरात. ट्रॅक्टर, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, मधूनच बैलगाड्यांची रांग, आणि रस्त्यावर सगळीकडे पडलेलं पाचट. मी एका बैलगाडीच्या मागे होतो. उसाची टोकं मागे लोंबत होती, वर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती बाई माझ्या गाडीकडे कौतुकाने बघत होती, हे मला नीट आठवतं, कारण मी खाली बघायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. पुढची रांग थांबली. बैलगाडी थांबली. मी ब्रेक दाबला. दाबला म्हणजे, दाबायचा हुकूम दिला. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरून पुढे गेली. मी आणखी जोर दिला, ती आणखी गुरगुरली. तेव्हा खाली पाहिलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता, निवांत, पूर्ण रोवलेला. मी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग कच्च्याकडे फिरवलं. मागे कपाटं उघडून भांडी कोसळली. उसाची टोकं काचेवरून करकरत एका बाजूला सरकली आणि गाडी खडीत तिरपी होऊन बंद पडली. वरच्या बाईने पोराला पदराखाली घेतलं होतं. मागे पाळण्याची कडी कपाटावर आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही. मला मागे वळवेना. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग बाळ रडलं, आणि तसं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, इतकं गोड.

गाडीवानाने खाली उतरून बैलांवरून हात फिरवला. तो शिव्या देईल असं वाटलं, पण तो काचेजवळ येऊन नुसता पाहून गेला आणि रांग हलली तसा चालू लागला. बेबी बाळाला छातीशी धरून पुढे आली. तिच्या कपाळाला कपाटाचं दार लागलं होतं. "आण्णा, काय झालं?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ब्रेक लागला नाही. सगुणा म्हणाली, असं कसं, कालच तर गयासभाईने पाहिले. बेबी चिडली होती. तुम्ही त्या माणसावर किती भरवसा ठेवता, असं ती बोलत होती, म्हातारा झाला तो, त्याला दिसतं तरी का, आज काय झालं असतं, मी जाऊन विचारणार त्याला. आणि मी ऐकत होतो. सांगायला लाज वाटते, पण मी ती पाच-सहा वाक्यं ऐकून घेतली आणि मला हलकं वाटत गेलं. किती सोपं होतं. गयासोद्दीनने नाकारलंही नसतं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं असतं आणि म्हणाला असता, असंल. चाळीस वर्षांचा हात, त्याच्या दुकानावर उद्यापासून कोण गाडी लावणार होतं, आणि तरी तो असंल म्हणाला असता. ते त्याचं असंल माझ्या कानात वाजलं आणि मला बसवेना.

"ब्रेकला काही झालं न्हाई," मी म्हणालो. "मला पाय कळून न्हाई राह्यले."

सगुणाने डोळे मिटले. बेबीला पहिल्यांदा समजलंच नाही. मी मोजा काढून टाच दाखवली. चिंधी पिवळी पडून चिकटली होती. टाचेवरची नजर न काढता बेबीने एकच विचारलं, अगदी हळू, "कवापासून?"

आठ दिवस म्हणता आलं असतं. परवाच, असंही. "दसऱ्यापासून," मी म्हणालो.

तिचं बाळ डिसेंबरातलं. ती मनात महिने मोजत असावी. दसऱ्यानंतरच, तिला सातवा महिना असताना, मीच तिला याच गाडीतून बीडहून बाळंतपणासाठी आणलं होतं. ती बोलली असती, रडली असती, तर मला सोयीचं गेलं असतं. तिने पाळण्यातली दुपटी गोळा केली, पिशवी खांद्याला लावली, आणि बाळाला घेऊन खाली उतरली. रस्त्यापलीकडे एका बाभळीखाली जाऊन उभी राहिली. सगुणा तिच्यामागे गेली. मग परत येऊन म्हणाली की बेबी एसटीने जाते म्हणते, मी तिच्यासंगं जाते. मी म्हणालो, गयासला फोन करतो, दोन तासांत येईल, तो चालवील, गर्दीत बाळ नको. सगुणाने जाऊन सांगितलं. बाभळीखालून बेबीने मान हलवली. नाही.

अंकुशनगरच्या एसटीडी बूथवरून मी गयासोद्दीनला फोन लावला. मी काय झालं ते सांगितलं, पाय कळत नाहीत हेही. तो म्हणाला, "तुम्ही किल्ली काढून घ्या अन् बसा. मी जल्दी निघतो." बस्स. माहीत होतं असं म्हणाला नाही. परत चालत येताना मी पावलांकडे बघत चाललो, कारण खडी टोचत असली तरी मला कळणार नव्हतं.

गाडीच्या पायरीवर बसलो. मागे दार उघडं होतं आणि आतला पलंग, पडदे, फुटलेल्या बरणीतलं लोणचं सगळं दिसत होतं. समोर माझी बायको आणि माझी मुलगी, दोघी एसटीची वाट बघत उन्हात उभ्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना हे कोडंच पडलं असणार. बीडची गाडी आली. दाराशी माणसं लोंबत होती. कंडक्टरने तान्हं बाळ पाहून आतून कुणाला तरी उठवलं, खिडकीची जागा केली. सगुणा चढली, बाळाला घेऊन बसली. बेबीचा एक पाय फूटबोर्डवर होता. मग ती काहीतरी आठवल्यासारखी खाली उतरली, कंडक्टरला थांबा म्हणाली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी उठून उभा राहिलो. सासरी निघालेल्या लेकीला बापाच्या पाया पडल्याशिवाय जाता येत नाही, राग असला तरी. तिने माझ्याकडे न बघता पदर डोक्यावर घेतला आणि वाकली.

मी खाली पाहिलं. तिची बोटं माझ्या उजव्या पावलावर होती. मला दिसत होती म्हणून होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग डोळे भरून आले आणि खालचं काही नीट दिसेना, आणि दिसेना म्हणून तिने हात पायावरून कधी काढला, की अजून तिथेच आहे, ते मला कळेना.